रानवाटांवरील दीर्घधाव शर्यती

रानवाटांवरील दीर्घधाव शर्यती : डोंगर, अरण्य, वाळवंट किंवा समुद्रकिनारा यांमधील पायवाटांवरून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यती. मार्गातील पक्क्या रस्त्याचा भाग एक चतुर्थांशाहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. चढउतारांमुळे केवळ अंतरावरून शर्यतीचा कस ठरत नाही. म्हणून अंतराबरोबर एकूण चढाईही नमूद करतात. निसर्गसौंदर्य हे या शर्यतींचे आकर्षण असले, तरी वाट कोणी पाडली आणि तिच्यावर कोणाचा वावर आहे, यावर शर्यतीची शक्यता अवलंबून असते. सह्याद्री आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश यांच्या तुलनेवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

या क्रीडाप्रकाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील शाळांतून खेळल्या जाणाऱ्या रानोमाळ पाठलागाच्या खेळांत आढळते. १८६८ मध्ये लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब स्थापन झाला. ऑलिंपिक सामन्यांत रानोमाळ शर्यतीचा समावेश १९१२, १९२० व १९२४ या वर्षी होता. पॅरिस येथील १९२४ च्या शर्यतीत तीव्र उन्हाने अनेक धावपटू कोसळल्यानंतर ती वगळण्यात आली. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली या अमेरिकन धावपटूने सिएरा नेव्हाडा पर्वतातील घोड्यांच्या शर्यतीचा १०० मैलांचा मार्ग पायी धावून चोवीस तासांच्या आत पार केला. त्यातूनच पुढे ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत उदयास आली. माँ ब्लाँ पर्वताभोवती फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी सु. १७० किमी. ची शर्यत २००३ पासून, तर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ‘ऑटर’ ही शर्यत २००९ पासून सुरू झाली. आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने २०१५ मध्ये या प्रकारास मान्यता दिली.

महाराष्ट्रात धावणे हे प्रथम खेळ नसून काम होते. मराठेशाहीतील जासूद आणि ब्रिटिश अमदानीतील टपालाचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत पत्रे पोहोचवीत. रानातून जाताना हरकाऱ्याच्या हाती घुंगरू बांधलेला भाला असे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत ग्रामीण भागातील धावपटू अनवाणी धावत. त्यांची क्षमता पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्यात पुढाकार घेतला. तेथील मॅरॅथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले.

भारतात अनेक दिवस चालणारी १०० मैलांची पर्वतीय शर्यत १९९१ पासून दार्जिलिंगजवळील सांदकफू परिसरात भरू लागली. साताऱ्याची यवतेश्वर घाटातील अर्धमॅरॅथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. तिचा मार्ग मात्र डांबरी आहे. खऱ्या अर्थाने पायवाटांवरील शर्यत म्हणजे सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांना जोडणारी शर्यत. तिच्यात १०० किमी. पर्यंतचे गट असतात. तेथील वाटा गडकऱ्यांच्या, धनगरांच्या व बाजारास जाणाऱ्या गावकऱ्यांच्या रहदारीने रुळलेल्या असून त्यांवर माणसाने पायी जाण्यास सहसा बंदी नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीची स्थिती निराळी आहे. जुन्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्या, भामरागडचा त्रिवेणी संगम आणि साग-बांबूची अरण्ये पाहता हा प्रदेश दीर्घधावेस अनुकूल वाटतो. अंगमेहनतीची व चिकाटीची येथे उणीव नाही : मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले.

तथापि येथील रानवाट ही वाघाचीही वाट आहे. ताडोबा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात पर्यटकांना केवळ वाहनातून प्रवेश मिळतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेश परवान्याने नियंत्रित केला आहे. संरक्षित क्षेत्राबाहेरही मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात पहाटे रानात जाणाऱ्या ग्रामस्थांवर वाघाचे हल्ले होतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी ताडोबात पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यात उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५° से. च्या वर जाते, तर पावसाळ्यात भामरागडसारख्या भागाचा संपर्क पुरामुळे तुटतो.

यामुळे या दोन जिल्ह्यांत लांब पल्ल्याची चाल व धाव आजही मुख्यतः उपजीविकेशी निगडित आहे. राज्यातील वनरक्षक भरतीत धावण्याच्या चाचणीखेरीज पुरुषांना चार तासांत २५ किमी., तर स्त्रियांना १६ किमी. चालून दाखवावे लागते. पोलीसभरतीसाठी गावोगावचे तरुण-तरुणी पहाटे रस्त्यांवर धावण्याचा सराव करतात. त्यांच्या दृष्टीने धावण्याचे पारितोषिक पदक नसून नोकरी असते.

वाटेवरील हक्काचा प्रश्नही येथे महत्त्वाचा आहे. वनहक्क अधिनियम, २००६ खाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले आणि त्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे आले. त्यानंतर जिल्ह्यातील इतर अनेक गावांनीही असे हक्क मिळविले. अशा वनात शर्यत भरवावयाची, तर ती वाट रोज तुडविणाऱ्या ग्रामसभेस विश्वासात घेणे, वन्यप्राण्यांच्या वावराच्या वेळा टाळणे आणि वनोपज वेचण्याचा हंगाम वगळणे आवश्यक ठरते. सह्याद्रीत शर्यतीचे वेळापत्रक प्रामुख्याने हवामान पाहून ठरविता येते. झाडीमंडळात ते वाघ व ग्रामसभा या दोहोंचा विचार केल्यावाचून ठरविता येणार नाही.