आस आणि एक्सल

1987 च्या जानेवारीत प्रवरेचा पूल ओलांडून बेलापुरात शिरताना आमची गाडी थांबली. थांबली म्हणजे बंद पडली नाही. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, क्लच सोडला की इंजिनाचा आवाजही बदलत होता. फक्त गाडी जागची हलत नव्हती. ड्रायव्हरकाकांनी दोनदा पहिला टाकला, एकदा रिव्हर्स टाकून पाहिला आणि मग स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसले. मी तेरा वर्षांचा होतो. शेजारी बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "घातली ना खड्ड्यात?"

खड्डा होता, हे खरं. हंगाम ऐन भरात होता. उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या रात्रंदिवस चालत होत्या, आणि अशा दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांचं काय होतं ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

बेलापूर म्हटलं की हल्ली लोक नवी मुंबई समजतात, म्हणून सांगतो: हे श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं बेलापूर. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली, तिचं स्टेशन गावापासून काही मैलांवर झालं आणि त्याला नाव मिळालं बेलापूर. स्टेशनाभोवती वाढलेली वस्ती म्हणजे आजचं श्रीरामपूर. ते मूळ गावापेक्षा कितीतरी मोठं झालं, पण रेल्वेच्या लेखी स्टेशनाचं नाव बेलापूरच राहिलं. बेलापूरचं तिकीट काढून माणूस श्रीरामपुरात उतरतो.

रेल्वेमागून पाणी आलं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांचा, आणि 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. म्हणून या भागाचं सगळं अर्थकारण चाकांवर आहे, आणि चाकं आसावर.

बैलगाडीचा आस ही इथल्या माणसाची जुनी ओळख. त्यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमध्ये गाड्या थोड्या होत्या, आणि होत्या त्या भरीव चाकांच्या, अवजड. बराच माल बैलांच्या पाठीवरून जाई. जमीन मोजणीच्या खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापुराकडे टेंभुर्णीला हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आज आपण जिला 'आपली पारंपरिक बैलगाडी' म्हणतो, तिच्या वंशावळीत हा साहेब बसलेला आहे. शब्द मात्र साहेबाच्याही आधीचा. संस्कृत 'अक्ष', लॅटिन 'ॲक्सिस', आपला 'आस' आणि गॅरेजमधला 'एक्सल' हे सगळे एका घरचे. मेकॅनिक "एक्सल गेला" म्हणतो आणि शेतकरी "आस मोडला" म्हणतो, तेव्हा दोघे एकच शब्द उच्चारत असतात.

वस्तू मात्र एक नाही, आणि आमच्या घरात त्या दिवशी जे झालं ते या फरकामुळे झालं.

बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीला पक्का असतो, चाकं त्याच्याभोवती फिरतात. भार नेहमी वरून, वाक नेहमी एकाच बाजूला. असा आस मोडला तर बहुधा त्या वेळचं कारण सांगता येतं: जास्त भरलं, चाक चारीत गेलं, गाडीवानाने बघितलं नाही. अण्णांचं अर्धं आयुष्य गाडीवानांकडून काम करून घेण्यात गेलं होतं. त्यांचा हिशोब त्या आसाचा होता.

मोटारीचा एक्सल फिरतो. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची: मधून लांब दांडा, मागे डिफरन्शियल, आणि तिथून डावीकडे-उजवीकडे एकेक एक्सल. त्यातला एक तुटला की काय होतं, ते बेलापूरच्या मेकॅनिकने आम्हाला जागेवर दाखवलं. कोणीतरी "क्लचप्लेट गेली" असं छातीठोक सांगत होतं. मेकॅनिकने वाद घातला नाही. तो आत बसला, पहिला टाकला, क्लच सोडला आणि मला म्हणाला, "काटा बघ." गाडी उभी, आणि स्पीडोमीटरचा काटा वर चढतोय! क्लच गेला असता तर काटा हलला नसता. मधला दांडा फिरत होता, म्हणजे तूट त्याच्या मागे. एका बाजूचा एक्सल तुटला की डिफरन्शियल सगळं फिरणं त्या तुटक्या बाजूला देऊन टाकतं. धडधाकट बाजूच्या वाट्याला काही येत नाही. ड्रायव्हरकाका खाली वाकून बघत होते. अण्णा बघत नव्हते.

मग जॅक, चाक, ड्रम. बाहेरचा तुकडा हातात आला, आतला हाउसिंगमध्ये राहिला. तो काढायला जाड तारेचा फास करून तासभर मासे धरल्यासारखी कसरत चालली. ऑइल सगळं काढलं, दोनदा धुतलं, कारण एक कण जरी राहिला तरी आतले दाते खाऊन टाकतो. दुसरा एक्सल जुन्या बाजारातून आणावा लागला आणि त्यात दुसरा दिवस गेला.

मला आठवतो तो मात्र पहिल्या संध्याकाळचा एक क्षण. मेकॅनिकने तुकड्याचं तोंड फडक्याने पुसलं आणि उजेडात धरलं. निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. उरलेला कोपरा खडबडीत, चकचकीत. "हे बघा अण्णा," तो म्हणाला, "हे काळं जुनं आहे. आज फक्त एवढंच तुटलं." आणि बोटाने तो लहान चकचकीत कोपरा दाखवला.

अण्णा म्हणाले, "खड्ड्यात घातल्याशिवाय तुटतं का?"

हा प्रश्न युरोपातही विचारला गेला होता. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे पुढच्यांवर चढले आणि आग लागली. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल पत्नी आणि मुलासह त्यात होता. तेव्हाचा समज असा की धक्क्यांनी लोखंडाची जातच बदलते, तंतुमय असतं ते स्फटिकासारखं ठिसूळ होतं. विशीतल्या विल्यम रँकिनने पुढच्याच वर्षी मोडलेले आस तपासून मांडलं की तसं काही नाही. जिथे आसाची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. कोपरे गोलसर ठेवा, हा त्याचा सल्ला. त्यानंतर प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरने 1870 पर्यंत बरीच वर्षं आस फिरवून-फिरवून मोडले आणि दाखवून दिलं की एका दमात जो भार पोलाद सहज पेलतं, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला तर तेच पोलाद तुटतं.

फिरत्या आसात हे लाखो सहज होतात. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरा. किलोमीटरला 500 फेरे, लाख किलोमीटरला 5 कोटी. दर फेऱ्याला पोलादाचा तोच कण एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर व्होलरचा आलेख काढला आणि मग शिंपल्यासारख्या रेघांचा फोटो दाखवला. मला वर्गात बसवेना.

कारण त्या गाडीने काय वाहिलं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघेच होतो. पण त्याआधीची चार वर्षं मागचं सीट काढून अण्णा तिच्यातून खत आणत. पन्नास किलोची आठ पोती, कधी दहा. ड्रायव्हरकाका एकदा माझ्यासमोर म्हणाले होते, "अण्णा, मागून बसतीय गाडी." अण्णांनी उत्तर दिलं होतं, "बैलगाडीत वीस टाकतो." मला हे बेलापुरात त्या संध्याकाळी बोलता आलं असतं. मेकॅनिकचं बोट त्या काळ्या भागावर असताना मी तिथेच, हातभर अंतरावर उभा होतो. मी बोललो नाही. बापासमोर त्या वयात आमच्याकडे कोणी बोलत नसे, हे कारण मी पुढे खूप दिवस स्वतःला दिलं.

कीर्तनात कैकेयीची गोष्ट लागली की मला बेलापूर आठवतं. अध्यात्म रामायणात आहे: युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ तुटते, कैकेयी तिथे आपला हात घालते आणि राजाला कळूही देत नाही. त्याचे दोन वर. भार कोणी झेलला ते निदान त्या राजाने नंतर विचारलं तरी.

आता रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना जाते. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि हा प्रकार घरोघरी पोचला. त्यात एक्सल तुटण्याआधी त्याचा सांधा बोलतो: रबराची टोपी फाटते, ग्रीस उडून जातं, वळणावर टकटक ऐकू येतं. गाडी महिनोन्‌महिने आगाऊ सांगते.

अण्णा गेल्यावर त्यांच्या हिशोबाच्या वह्या मी चाळल्या. जानेवारी 1987 च्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात नोंद आहे: एक्सल, ऑइल, मजुरी, आणि समोर, 'ड्रायव्हरच्या पगारातून'. तीन महिन्यांत तीन हप्ते वळते केलेले आहेत. चौथ्या महिन्यात पगाराच्या रकान्यात दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. त्याच वहीत, त्याच आठवड्यात, खताची पोती दहा.