मेलेल्यांची वही : धाराशिवच्या मृत्युनोंदींविषयी

७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या दफ्तरांवरची धूळ उडाली. मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची 'कुणबी' अशी नोंद कुठे आहे, याचा हा शोध होता. त्यासाठी खासरा पत्रके, पाहणी पत्रके आणि १९५१ची राष्ट्रीय नोंदणी यांच्याबरोबर जन्ममृत्यूची रजिस्टरे आणि कोतवाल बुकेही उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. काही कागदांसाठी हैदराबादपर्यंत जावे लागले. धाराशिव जिल्हा या शोधात आघाडीवर होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिथे प्रमाणपत्रांचे वाटपही सुरू झाले.

आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची नाही. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, तो मेल्यानंतर तीन पिढ्यांनी, एकच प्रश्न विचारला गेला : तुझी जात कोणती लिहिली आहे? तो कोणत्या वयात गेला, कशाने गेला, त्या महिन्यात गावात आणखी कितीजण गेले, हे सारे शेजारच्या रकान्यांत असूनही कुणी वाचले नाही. मृत्यूची वही ज्या कारणासाठी लिहिली जाते त्या कारणासाठी ती क्वचितच उघडली जाते, असे आम्हांस वाटते. कधी ती जमिनीसाठी उघडते, कधी जातीसाठी, कधी मदतीच्या रकमेसाठी. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने, आणि साहित्याच्या अभ्यासकानेही, ती एकदा वहीच्या बाजूने वाचून पाहावी.

पहिली अडचण काळाची. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १८८४ पासून त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि दफ्तराचे वर्ष फसली होते. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजुर महिन्याने सुरू होई आणि आबानने संपे. घरातल्या म्हातारीला मात्र यातले काही ठाऊक नसते. तिला तिथी आठवते, कारण श्राद्ध तिथीला घालावयाचे असते. 'पोलीस ॲक्शनच्या वेळी, पितृपंधरवड्याच्या तोंडावर गेले' एवढेच ती सांगते. आता हे सांगणे दफ्तराच्या भाषेत न्यावयाचे तर ते असे : शके १८७०चा भाद्रपद, इसवी सन १९४८चा सप्टेंबर, फसली १३५७चा आबान. तेच मरण मुसलमान घरात हिजरी १३६७च्या जिल्कादमधले असते. एकाच गावात, एकाच आठवड्यात मेलेली दोन माणसे दोन पंचांगांत स्मरली जातात आणि सरकारी वही तिसऱ्याच पंचांगात लिहिली जाते. शोधणारा रिकाम्या हाताने परततो तो पुष्कळदा नोंद नसल्यामुळे नव्हे, तर या तिन्हींची सांगड न बसल्यामुळे.

दुसरी अडचण भूगोलाची. मृत्यूची नोंद माणूस ज्या गावचा असेल तिथे होत नाही. तो जिथे मरतो तिथे होते. निजामी हद्दीला लागून बार्शी आणि सोलापूर हा ब्रिटिश मुलूख. जी कुटुंबे १९४७-४८ मध्ये सरहद्द ओलांडून गेली, त्यांच्यातले कुणी तिकडेच वारले असेल तर तुळजापूर किंवा परंड्याच्या दफ्तरात त्याचा पत्ता लागणार नाही. लातूर आणि औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून आलेले 'उस्मानाबाद' जाऊन २०२३ मध्ये 'धाराशिव' हे नाव अधिकृत झाले. जुन्या रुमालावर अर्थातच जुनेच नाव आहे. अर्ज करणाऱ्याने दोन्ही नावे लिहावीत हे बरे.

अर्जाची रीत तशी साधी आहे. १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी अधिनियमाने नोंदवहीचा शोध घेण्याचा आणि तिचा उतारा मागण्याचा हक्क कोणालाही दिला आहे. खेड्यातील नोंद ग्रामपंचायतीकडे, शहरातील नगरपालिकेकडे. त्याआधीच्या काळासाठी तहसील कचेरीचा अभिलेखकक्ष गाठावा लागतो. मृताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष एवढे हाती असावे. शोधाचे शुल्क वर्षाच्या हिशेबाने पडते, म्हणून तिथीवरून वर्ष आधी पक्के करून घेणे शहाणपणाचे. नोंद सापडली नाही तर तसा लेखी दाखला मागता येतो. त्याला 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' म्हणतात. लोक तो दाखला निराशेने घेतात. आमच्या मते तो अत्यंत मोलाचा कागद आहे. तो का, ते पुढे येईलच.

आता १९४८ कडे वळू. धाराशिव आणि लातूर हा भाग रझाकारांच्या अत्याचारांनी होरपळला होता. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचाच. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत लष्करी कारवाई संपली आणि त्यानंतरच्या दिवसांत सूडाचा वणवा मुसलमान वस्त्यांवर फिरला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींचे शिष्टमंडळ भारत सरकारच्या वतीने त्या वर्षाच्या अखेरीस या भागात हिंडले. संपूर्ण राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी नव्हेत, असे त्यांनी नमूद केले. हेच चार जिल्हे रझाकारांचे मुख्य अड्डे होते आणि तिथल्या लोकांनी आधी रझाकारांकडूनही सोसले होते, हेही त्यांनी लिहिले. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

येथे प्रश्न असा की, या मेलेल्यांची नावे कुठे आहेत? अहवालात संख्या आहेत, त्याही अंदाजाच्या. मृत्यूची वही अशा वेळी उपयोगी पडावी ही अपेक्षा स्वाभाविक. पण तिच्या रचनेतच ते बसत नाही. घरातल्या माणसाने येऊन सांगावे, गावकामगाराने ते लिहून घ्यावे आणि वर कळवावे, या तीन पायऱ्यांवर ती वही उभी असते. सांगणारे घरच उरले नाही, लिहिणारा पळाला किंवा मारणाऱ्यांच्या भीतीने गप्प बसला आणि वरची कचेरी एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जात असली, म्हणजे तिन्ही पायऱ्या एकदम ढासळतात. शांततेच्या काळातले एकेकटे मरण वही टिपते. सामुदायिक मरणापुढे तिची लेखणी थांबते. आबान १३५७ साठी मिळणारा अनुपलब्धतेचा दाखला म्हणूनच मोलाचा. एका ठरावीक गावाविषयी, एका ठरावीक महिन्याविषयी शासन स्वतःच्या शिक्क्यानिशी सांगते की येथे लिहिलेले काही नाही. शेजारच्या गावांत, आधीच्या वर्षांत नोंदी असतील तर हे मौन अधिकच बोलके ठरते. असे दाखले गावोगावचे एकत्र ठेवले तर तोही एक ग्रंथ होईल.

मृत्यूची नोंद नसली तरी एक आडवाट असते, ती जमिनीची. खातेदार मेला की वारसांची नावे लावावी लागतात. ती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, आणि मग फेरफारात येतात. माणूस केव्हा गेला हे त्याच्या वहीत नाही, पण त्याच्या शेतावर मुलांची नावे केव्हा चढली ते कळते. ही वाट अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मात्र ती कुणासाठी उघडी आहे? ज्याला जमीन होती त्याच्यासाठी. भूमिहीनाच्या मरणाने फेरफार होत नाही.

यातला विरोधाभास आम्हांस विशेष जाणवतो. गावात मयत झाली की तिचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांकडे पोहोचविणे हे परंपरेने महारांच्या वतनी कामांपैकी एक. उन्हातान्हात, रात्रीअपरात्री दुसऱ्याच्या मरणाची बातमी ज्याने वाहिली, त्याच्या स्वतःच्या घरातल्या मरणाचा माग लावणे आज सर्वांत अवघड. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतन हा मान नसून बेडी आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. मृत्यूच्या दफ्तरासमोर उभे राहिले की त्या विचाराची आणखी एक बाजू दिसते : वतनाने माणसाला निरोप्या केले, नोंदीचा धनी केले नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने वहीची पुन्हा परीक्षा पाहिली. गणपती विसर्जनाची रात्र उलटत होती. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे, आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी, झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. प्रेते ओळखायला सवड नव्हती. सामुदायिक चिता पेटल्या. तरीही या वेळी मृतांच्या याद्या झाल्या. फरक कशात होता? १९९३ मध्ये शासनाला मृतांची गणती हवी होती, कारण तिच्यावर मदत आणि पुनर्वसन अवलंबून होते. १९४८ मध्ये तशी गणती जगापुढे यावी असे शासनाला वाटत नव्हते. दोन्ही वेळचे मरण सामुदायिकच. एक यादीत आले, दुसरे अहवालासह कुलपात गेले.

अगदी अलीकडचे उदाहरण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे. हा जिल्हा त्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांपैकी एक. २००६ पासून अशा कुटुंबास एक लाख रुपयांची मदत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी प्रत्येक मृत्यू जिल्हा समितीपुढे 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. दुसरीकडे १९६९च्या कायद्यातील कलम १७ सांगते की, मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करावयाचे नाही. मृताच्या आणि घरच्यांच्या अब्रूसाठी हे योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की, विधवेच्या हाती येणाऱ्या दाखल्यावर नाव, तारीख आणि स्थळ असते. नवरा का गेला हे नसते. ते ठरते दुसऱ्या फायलीत, कर्जाच्या कागदांवरून.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे का सांगत आहोत? संहितेतील गाळलेल्या जागा वाचण्याचे शिक्षण आपण वर्गात देतो. निवेदक कोण, तो कुणासाठी बोलतो, कुठे गप्प बसतो, हे प्रश्न कादंबरीला विचारतो. मृत्यूच्या वहीलाही एक निवेदक आहे, एक श्रोता आहे आणि तिची मौनेही आहेत. मराठवाड्यातील प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना एकदा आपल्याच गावची वही वाचायला लावावी. एका वर्षाची पाने घ्यावीत, बायांची आणि मुलांची नावे कशी लिहिली आहेत ते पाहावे, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या तिथी त्यांच्याशी ताडून पाहाव्यात आणि जिथे काही मिळणार नाही तिथला दाखला रीतसर मागून घ्यावा. तिथी सांगणारी पिढी आता ऐंशीनव्वदीच्या घरात आहे. ती गेली की आबान १३५७च्या कोऱ्या पानात कुणाची नावे असावयास हवी होती, हे सांगणारे कुणी उरणार नाही.