पांढुर्णा–सौंसर परिसरातील जुन्या वास्तू

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या पांढुर्णा व सौंसर या मराठीभाषक तालुक्यांतील देवळे व रेल्वेकालीन खुणा. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५३ नंतर ब्रिटिशांकडे गेला [→ देवगड, भोसले घराणे, नागपूरचे]. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला.

पांढुर्ण्यात चंडीमातेचे देऊळ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव; दोन्हीकडून दगडफेक होते व झाडावरचा झेंडा अखेर या देवळात वाहतात [→ गोटमार]. देऊळ आणि नदीपात्र यांची नोंद म्हणूनच एकत्र घ्यावी लागते. सौंसर तालुक्यातील जामसावळीला पिंपळाखाली हनुमानाची निद्रिस्त मूर्ती आहे. उभ्या मारुतींच्या या प्रदेशात ती अपवादात्मक होय. मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे शिवमंदिर आहे.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मार्गावर (७६२ मिमी) सौंसर हे स्थानक होते. रुंदीकरणासाठी हा मार्ग २०१५ मध्ये बंद झाला [→ सातपुडा रेल्वे].