चाखणाऱ्याची शपथ

पुतण्या इंजिनियर झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. ती नोकरी सोडून तो बिअरच्या एका लहानशा कारखान्यात चिकटला, तेव्हा काय वाटावं हे घरात कुणालाच सुचलं नाही.

परवा तो एक बाटली घेऊन आला. "काका, माझ्या कृतीची पहिली बिअर. सोमवारी सगळी टाकी बाटल्यांत भरायचीय. खरं काय ते सांगा."

सोबत परीक्षकांचा तक्ता होता. वास १२, रूप ३, चव २०, जिभेवरचा भरीवपणा ५, एकंदर मत १०. आम्ही पडलो बी. कॉम. आधी बेरीज केली. ५० बरोबर आली. रूपाला ५० पैकी ३च गुण देणारी परीक्षा पाहून बरं वाटलं. आमचं लग्न जमलं तेव्हा हाच तक्ता चालला असावा.

पण फाईल चाळल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही बँकेतली सवय. म्हणून मी इतिहास चाळला. आपल्याकडे पिणाऱ्याला परवाना लागतो. इंग्लंडात एके काळी चाखणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. तेराव्या शतकात तिथे पाव आणि एल यांच्या दराचा कायदा झाला. एल म्हणजे बिअरची थोरली बहीण, मुळात हॉप्सच्या कडू फुलांवाचून केलेली. धान्याचा भाव चढेल तसा तिचा दर ठरायचा. करणाऱ्या बऱ्याचशा बायकाच, आणि तीही घरच्या चुलीवर. तो दर आणि ती चव तपासायला गावोगाव चाखणारे नेमलेले असत.

लंडन शहराचं 'लिबर आल्बस' नावाचं दप्तर १४१९ मध्ये तयार झालं. त्यात या माणसाची शपथ आहे. उत्तम एल गॅलनला दीड पेनी, दुय्यम एक पेनी. त्यावर कुणी घेतलं तर कळवायचं. माल पूर्वीपेक्षा उतरला असेल तर आल्डरमनच्या संमतीने वाजवी दर लावायचा. भेट, वचन, ओळख किंवा द्वेष, कशापायीही कुणाला पाठीशी घालायचं नाही आणि कुणाला नाहक छळायचंही नाही. चाखायला बोलावलं की सबळ कारणाशिवाय गैरहजर राहायचं नाही. हे शेवटचं कलम कुणासाठी घातलं असेल, हे मात्र मला कळेना. अशा कामाला दांडी कोण मारील?

तर मारली! १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्ड गावाने हातमोजे करणाऱ्या जॉन शेक्सपिअरला एल चाखण्यावर नेमलं. नाटककाराचे हे तीर्थरूप. चिरंजीव १५६४ चे. याच गृहस्थांना १५५२ मध्ये रस्त्यात उकिरडा केल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला होता. चार वर्षांत उकिरड्यावरून गावाच्या जिभेवर बढती! आणि पुढे या पदावर असताना न्यायसभेला हजर न राहिल्याबद्दल पुन्हा दंड. बँकेत असते तर मॅनेजर झाले असते.

हे चाखणारे कातडी विजार घालून सांडलेल्या एलमध्ये बसत आणि विजार बाकाला चिकटते का ते बघत, अशीही गोष्ट सांगतात. तिला त्या काळचा पुरावा नाही. मी धोतर-विजारीचा विचार सोडला आणि बाटली उघडली.

रूप झकास, तिन्ही गुण दिले. वास घेतला. काहीतरी ओळखीचं होतं, पण ते बिअरमधलं नव्हतं. पोराचा चेहरा पाहिला आणि शपथेतला 'ओळख' हा शब्द घशाशी आला. "छान आहे रे," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

इतक्यात सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, लोणी कुणी कढवायला ठेवलंय?"

पुतण्याने ग्लास नाकाशी नेला आणि तो एकदम गप्प झाला. मग त्याने सांगितलं ते असं : यीस्ट काम करताना आधी लोण्याच्या वासाचं एक द्रव्य निर्माण होतं आणि मग यीस्टच ते परत खाऊन टाकतं. त्याला तेवढी सवड द्यावी लागते. मालक घाईला आले होते, याने टाकी लवकर गार केली होती.

"काकू, अजून चार दिवस ठेवतो टाकी. पण मालकांना काय सांगू?"

"लोणी कच्चं राहिलंय म्हणावं," ती म्हणाली आणि भाजी परतायला गेली.

तक्त्यावर चवीचे गुण लिहायचे राहिले होते. मी १० लिहिले, खोडले, ९ केले, आणि खाडाखोडीशेजारी सही केली.