टोळाने न खाल्लेला पाला

पाडव्याला लिंबाचा कोवळा पाला आपण गुळाबरोबर चावतो आणि धान्याच्या कणगीतही तोच पाला घालतो. नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटणार नाही. पण कणगीतला हा लिंब उभ्या पिकावर कसा आला, ती हकिगत अलीकडची आहे, आणि आपल्यापर्यंत ती अर्धीच पोहोचली आहे.

1959 साली सुदानात टोळधाड उतरली. शिवार बोडके झाले, लिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिली, हे श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहिले. 1962 साली टोळ दिल्लीवर आले, तेव्हा तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबोळीचा मगज वाटून पाण्यात कालवला आणि पिकांवर फवारला. टोळ पिकावर बसले, पण तोंड लावीनात. ते मेले नाहीत, नुसते खाईनात. सारी मेख इथेच आहे.

1968 साली इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी लिंबोळीतून ते द्रव्य वेगळे काढले, तेही टोळावरच पारख करून. त्याचे नाव अझाडिरॅक्टिन. निजामी अमलात फारसी शिकलेल्यांना त्यात ‘आझाद दरख्त’ ऐकू आले असते! प्रयोगशाळेत ते जोडायला केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना 22 वर्षे लागली. 2007 साली ते साधले. आपल्या बांधावरचे झाड ते दरसाल करते.

या द्रव्याने अळीची भूक मोडते आणि कात टाकण्यात बिघाड होतो. लहान अळी काही दिवसांनी मरते. मोठीवर फारसा उपाय चालत नाही. आपला शेतकरी मात्र आज फवारतो, उद्या पाहतो, अळी जिवंत दिसली की म्हणतो, “ह्यात काही दम नाही,” आणि बाटली आणायला निघतो. 2008 साली मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या, तेव्हा उशीर झाल्यावर कोणता अर्क पुरा पडणार? आणि बाटलीची किंमत केवळ रुपयांत नसते. 2017 साली पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली.

तेव्हा अळी बारीक आहे तोवरच हात घालावा. पाच किलो मगजाची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, थोडा साबणचुरा घालून शंभर लिटर करावे. कृषी खाते यालाच पाच टक्के निंबोळी अर्क म्हणते. उन्हाने त्याचा गुण उतरतो, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर करावी. लिंबोळ्या पडतात ज्येष्ठ-आषाढात आणि अळी दिसते श्रावण-भाद्रपदात. त्यामुळे वेचणी आधीच उरकून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्या आणि गोणपाटात ठेवाव्या. प्लास्टिकच्या पोत्यात त्यांना बुरशी धरते.