विमान-प्रतिकृती, डायकास्ट

पोलादी साच्यात (डायमध्ये) वितळलेला धातू दाबाने भरून तयार केलेली विमानाची लहान प्रतिकृती. मुलांचे खेळणे म्हणून तिचा प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रौढ संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी’ या नावाने अशी विमाने विकली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या यांतील अनेक नमुने आज तडकलेले आढळतात. याचे कारण हाताळणीत नसून धातूत आहे. ओतकामाच्या जस्तात शिशाचा अत्यल्प अंश राहिला, तरी कालांतराने स्फटिककणांच्या सीमांवर क्षरण होते. भाग फुगतो, वाकतो व शेवटी त्याचा चुरा होतो. यावर रंग वा वंगण यांचा उपाय चालत नाही. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेली झमॅक मिश्रधातू पुढे आणली. तिच्यात सु. ४ टक्के ॲल्युमिनियम व किंचित मॅग्नेशियम असते. तथापि भंगारातून शिसे मिसळले, की उत्तम सूत्रही व्यर्थ ठरते.

युद्धोत्तर काळात हल्ल्याच्या विमानांना मागणी आली. डिंकीच्या १९६९ मधील श्टूका विमानाच्या बाँबमध्ये टिकली उडविण्याची सोय होती. तपशिलाच्या अचूकतेपेक्षा मुलांची हौस तेव्हा मोठी होती. १९७३ मध्ये याच मालिकेत जॅगुआर आले. जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे हे आंग्ल-फ्रेंच विमान १९७९ मध्ये भारतीय वायुसेनेत ‘शमशेर’ या नावाने दाखल झाले. त्याची सागरी आवृत्ती पुण्याजवळील लोहगाव तळावरही होती. जॅगुआरच्या पंखांचा विस्तार ८.६९ मी. असल्याने संग्राहकांना प्रिय अशा १:७२ प्रमाणात तो सु. १२ सेंमी. भरतो. पंखांच्या कडा या प्रमाणात कागदाइतक्या पातळ हव्यात. तेवढ्या पातळ फटीत धातू भरण्यापूर्वीच गोठतो. म्हणून कडा जाड ठेवतात आणि क्षेपणास्त्रे, चाके इ. बहुधा प्लॅस्टिकची करतात.

हे तंत्र पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कामगारांना परके नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) तेथे वाहन-उद्योग वाढला आणि इंजिनांची आवरणे ओतण्यासाठी डायकास्टिंग आवश्यक ठरले. मात्र त्यांचा धातू ॲल्युमिनियम असतो. वितळलेले ॲल्युमिनियम लोखंडी दट्ट्या खाते. त्यामुळे ते भट्टीतून पळीने वेगळ्या दंडगोलात ओततात. जस्तासाठी दट्ट्या थेट वितळलेल्या धातूत बुडालेला चालतो व काम शीघ्र होते.

दोहोंतही खरी किंमत साच्याची. डिंकीचे वापरून झालेले काही साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आले व त्यांतून ‘निकी’ खेळणी निघाली. आधुनिक उत्पादकही एकाच साच्यातून काढलेल्या विमानावर निरनिराळ्या स्क्वॉड्रनांची चिन्हे छापतात. संग्राहक ती प्रत्येक वेगळी मोजतो.