गावठाणाची दाटी आणि आगीची भीती

निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारगावात दाटीने राहणे एकेकाळी शहाणपणाचेच होते: दरोड्याची धास्ती कमी, पाणी सामाईक, शेत मोकळे. मात्र कडब्याच्या गंजी आणि लाकडी माळवदांमुळे आग एका घरापुरती राहत नसे. पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, द्राक्षबागा वाढल्या आणि माणसे मळ्यात राहायला गेली. त्यांना विरळ केले ते पाण्याने, कायद्याने नव्हे. कायद्याने तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 42-ड कलमातून गावठाणालगतच्या 200 मीटरांत घरांसाठी बिनशेतीची वाट सोपी केली. यात बागायती जमीन जाते, हा आक्षेप खराच. पण मळ्यांत विखुरलेली घरेही जमीन खातात, आणि अरुंद शिवाररस्त्यांवर बंब रखडतो तो वेगळाच. दाटीपेक्षा बोळाची रुंदी महत्त्वाची. या नव्या पट्ट्यात बंब वळेल असा रस्ता आधी आखायला हवा.